फिल्टर दिसत होता, पण लागत नव्हता: क्लासच्या वारशात मेथडचा क्रम बिघडल्याचं एक प्रकरण

तक्रार अशी होती: ऑर्डरच्या टेबलावर काल लावलेला फिल्टर आज पेज उघडल्यावर वरच्या खोक्यात बरोबर दिसतो. खोक्यात 'प्रलंबित' असं लिहिलेलं असतं, पण खाली टेबलात सगळ्याच ऑर्डरी येतात. तोच फिल्टर खोक्यातून पुन्हा निवडला की टेबल बरोबर होतं. कन्सोलमध्ये लाल अक्षर नाही, सर्व्हरचं उत्तर यशस्वी, रिक्वेस्टमध्ये मात्र फिल्टरचा पत्ता नाही.

हा दोष शोधायला मला जवळजवळ दीड दिवस लागला आणि दुरुस्त करायला त्याहून जास्त. कारण दुरुस्ती एका ओळीची नव्हती. कोणती मेथड, म्हणजे क्लासमधलं फंक्शन, कधी चालणार हे ठरवण्याची जागाच चुकली होती.

कोड जावास्क्रिप्टचा, आणि त्याची रचना तीन पायऱ्यांची होती. क्लास म्हणजे ऑब्जेक्ट घडवण्याचा साचा, आणि खालच्या क्लासला वरच्याच्या मेथड वारशाने मिळतात. सगळ्यात वर 'पॅनेल' हा बेस क्लास. त्याच्याखाली 'टेबलपॅनेल', आणि त्याच्याखाली 'ऑर्डरटेबल'. 'पॅनेल'चा कन्स्ट्रक्टर, म्हणजे ऑब्जेक्ट बनताना चालणारा कोड, सेटिंग्ज साठवायचा आणि शेवटच्या ओळीत 'धिस'वरची, म्हणजे बनत असलेल्या ऑब्जेक्टवरची, 'सेटअप' मेथड बोलवायचा. 'टेबलपॅनेल'ने 'सेटअप' ओव्हरराइड केलेली होती, म्हणजे त्याच नावाची स्वतःची मेथड लिहिली होती. त्यात आधी 'सुपर'ची, म्हणजे वरच्या क्लासची, 'सेटअप' चालायची, मग ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमधून जतन केलेला फिल्टर वाचून 'धिस'च्या 'फिल्टर'मध्ये ठेवला जायचा आणि वरचं खोकं त्याच किमतीने भरलं जायचं. पेजवरचा कोड 'न्यू' म्हणून ऑब्जेक्ट बनवायचा आणि लगेच त्याची 'लोड' मेथड बोलवायचा. 'लोड' तोच 'फिल्टर' वाचून सर्व्हरला विचारायची.

पहिला तपास केला तो नेहमीचाच. 'सेटअप'च्या शेवटी अख्खा ऑब्जेक्ट कन्सोलवर छापला, बाण उघडून पाहिला, तर 'फिल्टर' नल, म्हणजे रिकामा. म्हणजे स्टोरेजमधून वाचतानाच गडबड आहे असं समजून मी स्टोरेजच्या मागे लागलो. ही दिशा साफ चुकली. कन्सोलवर छापलेला ऑब्जेक्ट आपण उघडतो तेव्हाची स्थिती दाखवतो, छापला गेला त्या क्षणाची नाही. ऑब्जेक्टऐवजी नुसती 'फिल्टर'ची किंमत छापली, तेव्हा चित्र पालटलं. 'सेटअप'च्या शेवटच्या ओळीला 'प्रलंबित', 'लोड'च्या पहिल्या ओळीला नल. या दोन ओळींच्या मध्ये 'फिल्टर'ला कुणी हात लावतंय अशी एकही ओळ कोडमध्ये सापडेना.

मग सापळा लावला. 'टेबलपॅनेल'च्या प्रोटोटाइपवर, म्हणजे क्लासच्या मेथड जिथे राहतात त्या ऑब्जेक्टवर, 'फिल्टर' नावाचा सेटर (किंमत लिहिली की आपोआप चालणारं फंक्शन) बसवला आणि त्यात कोड तिथेच थांबवणारं 'डीबगर' लिहिलं, म्हणजे कुणी नल लिहायला आलं की पकडता येईल. सेटर एकदाच चालला, तोही 'प्रलंबित' ही बरोबर किंमत घेऊन. नल घेऊन कुणीच आलं नाही. तरी वाचताना नल मिळत होतं. शेजारी बसलेली सहकारी म्हणाली, "अरे, लिहिल्याशिवाय किंमत बदलेल कशी?" प्रश्न अगदी बरोबर होता, आणि उत्तर त्यातच होतं: किंमत लिहिली जात नव्हती, प्रॉपर्टीच नव्याने घडवली जात होती.

दुसऱ्या सापळ्यात ते सापडलं. 'सेटअप'मध्ये साधी नेमणूक करण्याऐवजी 'ऑब्जेक्ट डॉट डिफाइनप्रॉपर्टी' वापरून 'फिल्टर' अशी ठेवली की ती पुन्हा लिहिता येणार नाही आणि पुन्हा घडवताही येणार नाही. पेज उघडताच टाइपएरर आला: ही प्रॉपर्टी पुन्हा डिफाइन करता येत नाही. स्टॅक ट्रेसने बोट ठेवलं ते 'टेबलपॅनेल' क्लासच्या अगदी वरच्या ओळीवर: 'फिल्टर बरोबर नल'.

ती ओळ मीच लिहिली होती, दोन आठवड्यांपूर्वी. क्लासमध्ये कोणती फील्ड्स, म्हणजे ऑब्जेक्टवर किमती ठेवायच्या जागा, आहेत हे वाचणाऱ्याला वरच्या वर दिसावं म्हणून मी सगळी फील्ड्स क्लासच्या सुरुवातीला मांडली होती. त्याआधी ती 'सेटअप'मध्ये लागतील तशी तयार व्हायची. बदल दिसायला निव्वळ आवराआवरीचा होता आणि पाहणीत कुणालाच खटकला नाही.

आता नेमकं काय घडत होतं ते सावकाश पाहू, कारण पुढचा प्रत्येक निर्णय यावरच उभा आहे.

'न्यू ऑर्डरटेबल' म्हटलं की सगळ्यात खालच्या क्लासचा कन्स्ट्रक्टर आधी सुरू होतो. त्या वेळी 'धिस' अजून अस्तित्वातच नसतं. 'सुपर' कॉल होण्याआधी त्याला हात लावला तर रेफरन्सएरर येतो. 'सुपर'मुळे आपण 'टेबलपॅनेल'मध्ये जातो, तिथल्या 'सुपर'मुळे 'पॅनेल'मध्ये. ऑब्जेक्ट जन्माला येतो तो इथे, सगळ्यात वर. पण त्याचा प्रोटोटाइप मात्र पहिल्या क्षणापासून 'ऑर्डरटेबल'चा असतो, कारण 'न्यू' ज्याच्यावर म्हटलं तो क्लास 'न्यू डॉट टार्गेट' म्हणून वरपर्यंत पोहोचलेला असतो. मग 'पॅनेल'ची फील्ड्स तयार होतात आणि त्यानंतर 'पॅनेल'च्या कन्स्ट्रक्टरचा मजकूर चालतो. त्यातल्या शेवटच्या ओळीने 'सेटअप' बोलवली की प्रोटोटाइपच्या साखळीत सगळ्यात खालची 'सेटअप' सापडते आणि तीच चालते. ती आपलं काम चोख करते. त्यानंतर 'पॅनेल'चा कन्स्ट्रक्टर संपतो, 'टेबलपॅनेल'मधला 'सुपर' परत येतो, आणि नेमक्या त्या क्षणी 'टेबलपॅनेल'ची फील्ड्स तयार होतात. 'फिल्टर' नल. 'सेटअप'ने भरलेलं ताट 'सुपर' परतल्यावर पुसून ठेवलं गेलं.

मेथड आधीपासून हजर असतात, फील्ड्स मागून येतात. या दोन वेळांमधल्या फटीत आमची 'सेटअप' चालत होती.

सेटर का चालला नाही याचंही उत्तर यातच आहे. क्लास फील्ड्स एक्मास्क्रिप्ट २०२२ मध्ये, म्हणजे जावास्क्रिप्टच्या प्रमाणाच्या त्या आवृत्तीत, प्रमाणित झाली, आणि ती नेमणुकीसारखी वागत नाहीत. ती थेट ऑब्जेक्टवर स्वतःची प्रॉपर्टी घडवतात, त्यामुळे प्रोटोटाइपवर बसवलेला सेटर त्यांना आडवा येऊ शकत नाही. म्हणूनच टाइपस्क्रिप्ट (जावास्क्रिप्टवर टाइपची तपासणी चढवणारी भाषा) वापरणाऱ्यांना हाच फटका वेगळ्या दारातून बसतो. कंपाइलरचं टार्गेट एक्मास्क्रिप्ट २०२२ किंवा त्यापुढचं केलं की नुसतं नाव आणि टाइप लिहिलेलं फील्डसुद्धा खरोखर तयार होतं आणि अनडिफाइंड होऊन बसतं. आधी ती ओळ फक्त टाइपच्या तपासणीपुरती असायची. फील्डच्या आधी 'डिक्लेअर' लिहिलं की ते पुन्हा तपासणीपुरतं उरतं.

दुसऱ्या भाषांमधून आलेल्यांची इथे गल्लत होणं साहजिक आहे. सी प्लस प्लसमध्ये बेसच्या कन्स्ट्रक्टरमधून व्हर्च्युअल फंक्शन बोलवलं तर त्या टप्प्यावर बेसचंच रूप चालतं. सी शार्पमध्ये खालच्या क्लासची फील्ड्स बेसच्या कन्स्ट्रक्टरच्या आधी भरली जातात. जावास्क्रिप्टचं वागणं याबाबतीत जावाच्या जवळचं आहे: मेथड खालची चालते, पण खालच्या फील्ड्सच्या किमती अजून बसलेल्या नसतात.

एक गोष्ट मला मनापासून वाटते. 'फिल्टर' खासगी फील्ड असतं, नावाआधी हॅशचं चिन्ह असतं, तर हा दोष पहिल्याच दिवशी ओरडला असता. खासगी फील्डसुद्धा 'सुपर' परतल्यावरच ऑब्जेक्टवर येतं, पण ते येण्याआधी त्यात लिहायला किंवा ते वाचायला गेलं की सरळ टाइपएरर येतो. गुपचूप पुसली जाणारी किंमत आणि ठणठणीत एरर यांत मी कधीही एररच निवडेन.

आता दुरुस्तीचे प्रयत्न. पहिला होता फील्डची सुरुवातीची किंमत काढून टाकण्याचा, म्हणजे 'बरोबर नल' खोडून नुसतं 'फिल्टर' ठेवायचं. नलच्या जागी अनडिफाइंड आलं, बाकी काही बदललं नाही. ओळ पूर्ण काढली तर दोष जात होता, पण पुढे कुणीही आवराआवरी करायला आलं की तो परत येणार होता. आणि तो फक्त एका फील्डपुरता नव्हता. 'ऑर्डरटेबल'मध्ये ओळ सजवण्याची मेथड कुणीतरी ॲरो फंक्शन म्हणून फील्डमध्ये लिहिली होती. 'सेटअप' चालताना ते फील्ड जन्मलेलंच नसल्यामुळे पहिल्या खेपेला 'टेबलपॅनेल'ची जुनी सजावट चालायची आणि दुसऱ्या खेपेपासून नवी. 'कधीतरी तारीख वेगळी दिसते' अशा आणखी एका तक्रारीचा उलगडा मला इथे झाला.

दुसरा प्रयत्न बेसच्या कन्स्ट्रक्टरमध्ये 'सेटअप' थेट न बोलवता क्यूमायक्रोटास्कने पुढे ढकलण्याचा. कन्स्ट्रक्टरची अख्खी साखळी संपल्यावर 'सेटअप' चालली, फील्ड्स शाबूत राहिली. पण पेजवरचा कोड 'न्यू' म्हटल्यावर त्याच दमात 'लोड' बोलवत होता, आणि तेव्हा 'सेटअप' झालेलीच नव्हती. ऑब्जेक्ट हातात येतो पण वापरायला तयार नसतो, आणि तो कधी तयार होईल हे विचारायची सोय नाही. असली दुरुस्ती दोष फक्त सरकवते, म्हणून ती मी त्याच दिवशी मागे घेतली.

तिसरा प्रयत्न जरा बरा होता. प्रत्येक क्लासच्या कन्स्ट्रक्टरच्या शेवटी 'न्यू डॉट टार्गेट' हाच क्लास आहे का ते पाहायचं आणि असेल तरच 'सेटअप' बोलवायची. सगळ्यात खालच्या क्लासची फील्ड्स बसल्यावरच काम सुरू होतं, क्रम बरोबर राहतो. पण ही अट प्रत्येक नव्या क्लासमध्ये कुणीतरी आठवणीने लिहायला हवी. विसरलं तर 'सेटअप' चालणारच नाही. ज्या नियमाची आठवण खालच्या क्लासला ठेवावी लागते, तो नियम वरच्या क्लासने पाळला असं म्हणता येत नाही.

शेवटी जे केलं ते असं. कन्स्ट्रक्टरमधून ओव्हरराइड होऊ शकणारी एकही मेथड बोलवायची नाही. कन्स्ट्रक्टरने सेटिंग्ज ठेवायच्या आणि थांबायचं. 'पॅनेल'मध्ये 'स्टार्ट' नावाची मेथड लिहिली, आणि सगळा क्रम फक्त तिच्यात मांडला: 'सेटअप', मग 'लोड', मग 'रेंडर', मग 'आफ्टररेंडर', प्रत्येकाच्या आधी 'अवेट', म्हणजे ते काम पूर्ण होईपर्यंत थांबायचं. खालच्या क्लासने या चार जागा हव्या तशा भराव्यात, पण 'स्टार्ट'ला हात लावायचा नाही. या मांडणीला टेम्प्लेट मेथड म्हणतात आणि ती जुनी आहे. नवं काही शोधलं नाही, चुकीच्या जागी असलेलं बरोबर जागी नेलं.

'न्यू' आणि 'स्टार्ट' अशा दोन पायऱ्या वापरणाऱ्याच्या माथी मारायच्या नव्हत्या. कन्स्ट्रक्टर असिंक, म्हणजे आत 'अवेट' वापरू शकणारा, होऊ शकत नाही, म्हणून 'पॅनेल'वर 'क्रिएट' ही स्टॅटिक, म्हणजे थेट क्लासवरून बोलवायची, असिंक मेथड दिली. ती 'न्यू धिस' म्हणून ऑब्जेक्ट बनवते, 'स्टार्ट'साठी थांबते आणि तयार ऑब्जेक्ट परत देते. स्टॅटिक मेथडसुद्धा वारशात खाली येतात, आणि 'ऑर्डरटेबल डॉट क्रिएट' असं बोलवलं की आतलं 'धिस' म्हणजे 'ऑर्डरटेबल' क्लासच असतो. त्यामुळे ही मेथड एकदाच लिहावी लागते. ब्राउझरच्या कस्टम एलिमेंट्सची (आपण स्वतः घडवलेल्या एचटीएमएल टॅगची) रचनाही अशीच विचारपूर्वक केलेली आहे. तिथे कन्स्ट्रक्टरमध्ये मुलं किंवा ॲट्रिब्यूट्स जोडायची नसतात, ते काम एलिमेंट पेजला जोडलं गेल्यावर चालणाऱ्या 'कनेक्टेडकॉलबॅक'मध्ये करायचं असतं.

फिल्टरचा दोष इथे संपला. क्रमाचे प्रश्न मात्र आता कुठे उजेडात येऊ लागले होते.

'ऑर्डरटेबल'च्या 'सेटअप'मध्ये 'सुपर'ची 'सेटअप' सगळ्यात शेवटी बोलवलेली दिसली. मी ती उचलून पहिल्या ओळीत नेली, कारण आधी वरच्याचं आणि मग आपलं असा आमचा ठरलेला रिवाज. टेबलाचं शीर्षक रिकामं आलं. लिहिणाऱ्याने ती ओळ शेवटी ठेवली होती ते विचार करूनच: 'टेबलपॅनेल'ची 'सेटअप' शीर्षक बांधते आणि त्यासाठी तिला कॉलम लागतात, जे 'ऑर्डरटेबल'ची 'सेटअप' भरते. म्हणजे अर्ध्या कामासाठी वरच्याने आधी चालायला हवं आणि अर्ध्यासाठी खालच्याने. 'सुपर'ची ओळ वर-खाली हलवून हा गुंता सुटत नाही.

इथे माझं मत पक्कं झालं. खालच्या क्लासला 'सुपर' उशिरा बोलवावंसं वाटतं, तेव्हा बहुतेक वेळा वरच्याला खालच्याकडून काहीतरी हवं असतं आणि ते मागायची सोय नसते. ती सोय करून द्यावी. 'टेबलपॅनेल'मध्ये आम्ही 'कॉलम्स' ही मेथड ठेवली, जी फक्त यादी परत देते. शीर्षक बांधायची वेळ आली की 'टेबलपॅनेल' ती 'धिस'वरून विचारतो. 'ऑर्डरटेबल' काही भरत नाही, कधी भरायचं याचा विचार करत नाही, फक्त विचारल्यावर उत्तर देतो. तिथली 'सेटअप' मेथडच मग पुसून टाकता आली.

मोडतोडीचा क्रम याच्या उलटा असतो. पॅनेल बंद होताना 'ऑर्डरटेबल' स्क्रोलची जागा जतन करतो. त्याच्या 'डिस्पोज' या सफाईच्या मेथडमध्ये 'सुपर' पहिल्या ओळीत होता, त्यामुळे टेबलाची चौकट आधीच नल झालेली असायची आणि तिची स्क्रोलची जागा विचारताच एरर. बांधताना वरून खाली, पाडताना खालून वर. हे प्रत्येकाच्या आठवणीवर सोडायचं नाही म्हणून 'डिस्पोज'पुरता आम्ही वेगळा मार्ग घेतला. 'पॅनेल'ची 'डिस्पोज' प्रोटोटाइपची साखळी खालून वर चढत जाते, प्रत्येक पायरीवर स्वतःची 'ऑनडिस्पोज' आहे का ते 'ऑब्जेक्ट डॉट हॅजओन'ने पाहते आणि असेल तर त्याच ऑब्जेक्टवर ती चालवते. खालच्या क्लासने 'ऑनडिस्पोज'मध्ये 'सुपर' लिहायचंच नाही, लिहिलं तर वरचं काम दोनदा होईल. हीच युक्ती 'सेटअप'ला लावायचा आग्रह झाला होता, तो मी मानला नाही. मेथड ओव्हरराइड केली की वरची आपोआप थांबते, ही वाचणाऱ्याची अपेक्षा मोडायची तर त्याला भक्कम कारण हवं. सफाई अर्धवट राहू नये हे असं कारण आहे. एरवी साधा 'सुपर' पुरतो.

तिसरी गाठ सगळ्यात फसवी निघाली. 'ऑर्डरटेबल'ची 'लोड' आधी 'सुपर'ची 'लोड' बोलवते आणि मग आलेल्या ओळींची बेरीज करते. दोन्ही असिंक. 'सुपर'च्या आधी 'अवेट' लिहायचं राहिलं होतं. तरीही चाचणीत बेरीज बरोबर येत होती. कारण असिंक मेथडसुद्धा तिच्यातल्या पहिल्या 'अवेट'पर्यंत ताबडतोब, एका दमात चालते. ओळी कॅशमध्ये, म्हणजे आधी आणून ठेवलेल्या साठ्यात, असल्या की 'टेबलपॅनेल'ची 'लोड' त्या एकही 'अवेट' न गाठता भरून मोकळी व्हायची आणि पुढची बेरीज बरोबर यायची. कॅश रिकामी असली की बेरीज शून्य. आमच्या चाचण्या नेहमी भरलेल्या कॅशवर चालायच्या. 'स्टार्ट'मध्ये 'लोड'च्या आधी 'अवेट' आहे म्हणून आत सगळं सांभाळलं जाईल असा माझा समज होता. बाहेरचा 'अवेट' फक्त 'ऑर्डरटेबल'च्या 'लोड'साठी थांबतो. तिने आत कुणाला वाऱ्यावर सोडलं याचा त्याला पत्ता नसतो. आता असिंक मेथडकडून आलेलं प्रॉमिस 'अवेट'शिवाय सोडलेलं दिसलं की बिल्ड अडवणारा, कोड तपासणाऱ्या लिंटचा नियम लावला आहे.

'स्टार्ट' कुणी ओव्हरराइड करू नये हे नुसतं टिप्पणीत लिहून भागत नाही. मेथड ओव्हरराइड होऊ न देणारं 'फायनल' जावास्क्रिप्टमध्ये नाही. त्यामुळे 'क्रिएट'मध्ये ऑब्जेक्ट बनल्यावर एक तपासणी घातली: त्याची 'स्टार्ट' आणि 'पॅनेल'च्या प्रोटोटाइपवरची 'स्टार्ट' एकच आहे का. नसेल तर क्लासचं नाव सांगून एरर. ही तपासणी आधी मी 'पॅनेल'च्या कन्स्ट्रक्टरमध्येच लिहिली होती, पण तिथे ॲरो फंक्शन असलेलं फील्ड निसटतं, कारण ते अजून जन्मलेलं नसतं. सगळी फील्ड्स बसल्यानंतरची जागा म्हणजे 'क्रिएट'. हे लिहिताना पुन्हा त्याच फटीत पाय गेला होता.

शेवटी क्रमाची चाचणी लिहिली. तीन पायऱ्यांचे खोटे क्लास, प्रत्येक मेथड आपलं नाव एका यादीत टाकते, आणि शेवटी यादी अपेक्षेप्रमाणे आहे का ते पाहायचं. एक खेप रिकाम्या कॅशवर, एक भरलेल्या. त्यात तिसऱ्या क्लासला मुद्दाम एक फील्ड दिलं आहे, ज्याची सुरुवातीची किंमत नल आहे आणि ज्यात 'सेटअप' किंमत भरते. 'क्रिएट' परतल्यावर ती किंमत तिथेच असायला हवी. कुणी पुन्हा कन्स्ट्रक्टरमध्ये 'सेटअप' नेऊन ठेवली, तर सगळ्यात आधी हीच ओळ लाल होते.